मोगरी आणि पाण्याची धार

गेल्या रविवारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा मामेभाऊ, कोल्हापूरचा. एरवी आमचं बोलणं म्हणजे "काय चाललंय", "पाऊस आहे का तिकडं", "पोरांच्या परीक्षा झाल्या का" एवढंच. या वेळी मात्र काम काढून फोन केला होता. उद्यमनगरातली मामांची जुनी शेड रिकामी करायची आहे. जागेला गिऱ्हाईक आलंय. भंगारवाला येऊन सामान बघून गेला, किलोवर घेतो म्हणाला.

"तुला त्यातलं काही आठवण म्हणून हवंय का? उगाच मागनं म्हणशील, मला विचारलं नाहीस."

मी विचारलं, "मामा काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार? काहीच म्हणाले नाहीत."

आमच्या मामांना जे ओळखतात त्यांना कळेल, की मामा काहीच म्हणाले नाहीत म्हणजे काय! सकाळच्या चहाला साखर कमी पडली तरी ज्यांचं भाषण ऐकावं लागतं असा हा माणूस. तर मंडळी, फोनवर मला काही नीट बोलता आलं नाही. "सांगते, सांगते" करून ठेवून दिला. जे बोलायचं होतं ते इथे लिहिते आहे. दादा ब्लॉग वाचत नाही, पण वहिनी वाचतात, आणि त्या मोठ्याने वाचून दाखवतील याची मला खात्री आहे. वाट जरा लांबची आहे, थेट विमानतळावरून जाते. सांभाळून घ्या.

नव्या वाचकांसाठी थोडं: मामा पत्र्याचे मिस्त्री. ट्रकच्या केबिनी, खाजगी बसच्या बॉड्या, जीपचे मडगार्ड, ठोकलेल्या अँबॅसेडरची दारं. लहानपणी मे महिन्यात आम्ही कोल्हापूरला गेलो की दुपारी मी शेडमध्ये जाऊन बसायचे. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा आणि लाकडी मोगरीनं ठोकत ठोकत त्याला खोलगट आकार द्यायचा. सपाट पत्रा आत जायचा आणि संध्याकाळी मडगार्ड होऊन बाहेर यायचा. मी इंजिनियर झाले याचं अर्धं श्रेय त्या शेडला आहे. (उरलेलं अर्धं बाबांच्या ओरडण्याला.)

दादाने शिक्षण झाल्यावर गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत लेझर कटिंगचं मशीन टाकलं. ते साल 2006. मशीन बघायला मी गेले होते आणि मीच मामांना म्हणाले होते, "मामा, आता बंद करा की ती ठोकाठोकी. दादाचं मशीन एका तासात तुमचं आठवड्याचं काम करेल." मामा तेव्हाही काहीच म्हणाले नव्हते. हे आज पहिल्यांदाच कबूल करते आहे.

आता विमानाकडे.

2019 च्या जूनमध्ये मामा-मामी आमच्याकडे केंब्रिजला आले होते. लंडन झालं, राणीचा वाडा झाला, मामींची खरेदी झाली, आणि मामा कंटाळले. मग मी त्यांना डक्सफर्डला घेऊन गेले. आमच्या घरापासून जेमतेम पंधरा किलोमीटर. युद्धकाळातला विमानतळ, आता तिथे इंपीरियल वॉर म्युझियमचं विमानांचं संग्रहालय आहे. पण हे नुसतं काचेआडचं संग्रहालय नव्हे. तिथल्या हँगरमध्ये ऐंशी-ऐंशी वर्षांची विमानं दुरुस्त होतात आणि पुन्हा उडतात. आपण दोरीच्या अलीकडे उभं राहून ते काम बघू शकतो.

तिथे एन-3200 नंबरचं एक स्पिटफायर होतं. त्याची गोष्ट मी मामांना सांगितली. 26 मे 1940, डंकर्कची धामधूम. याच डक्सफर्डच्या 19 नंबरच्या स्क्वाड्रनचा प्रमुख जेफ्री स्टीफन्सन हे विमान घेऊन गेला. विमानाची ती पहिलीच लढाई, आणि शेवटचीही. गोळ्या लागल्या आणि त्याने ते फ्रान्समध्ये कॅलेजवळ सँगॅटच्या किनाऱ्यावर पोटावर उतरवलं. स्टीफन्सन जर्मनांच्या कैदेत गेला आणि विमान हळूहळू वाळूत गेलं. 1986 साली ते वाळूतून बाहेर काढलं तेव्हा तो खाऱ्या पाण्यानं खाल्लेला सांगाडा होता. पुढे काही वर्षांनी ते दुरुस्तीला घेतलं आणि 26 मार्च 2014 ला ते याच डक्सफर्डवरून पुन्हा उडालं. 2015 मध्ये मालकाने ते संग्रहालयाला देऊन टाकलं.

मामांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि मुद्द्याचा प्रश्न विचारला. "खाऱ्या पाण्यात सेहेचाळीस वर्सं? मग ह्यात जुनं काय ऱ्हायलं?"

हा प्रश्न मामांचा एकट्याचा नाही. विमानप्रेमी मंडळींमध्ये यावर कडाक्याची भांडणं होतात. अ‍ॅल्युमिनियमला समुद्र मानवत नाही. असं विमान बाहेर काढलं की त्यातले थोडे भाग वापरण्याजोगे निघतात, बाकीचे नुसते नमुना म्हणून उपयोगी पडतात. आकार बघायचा, मोजायचं, आणि नव्या पत्र्यातून तसंच घडवायचं. काही विमानांच्या बाबतीत तर जुनी ओळखपट्टी आणि तिच्याभोवती नवंकोरं विमान, असा आरोप होतो. मग ते 1940 चं विमान म्हणायचं की कालचं?

मी उत्तर शोधत होते तेवढ्यात मामांचं लक्ष भलतीकडेच गेलं होतं. पंख जिथे धडाला मिळतो तिथला पत्रा ते वाकून बघत होते. स्पिटफायरचा पंख लंबवर्तुळाकार, धड गोलसर, आणि या दोघांचा सांधा झाकणारा तो पत्रा एका टोकाला खोबऱ्याच्या वाटीसारखा आणि दुसऱ्या टोकाला घोड्याच्या खोगिरासारखा वळलेला. मामा बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हे मशीनचं काम न्हवं. हे हातानं वळवलंय."

इथे थोडं तंत्राचं सांगावं लागेल, कंटाळू नका. कागद घ्या. त्याची सुरळी सहज होते. पण तोच कागद संत्र्याभोवती गुंडाळायला गेलात तर सुरकुत्या पडतात. पत्र्याचंही तसंच. एका दिशेने वाकवणं सोपं, मशीन ते झटक्यात करतं. दोन दिशांनी एकाच वेळी वळवायचा तर पत्रा कुठेतरी ताणावा लागतो आणि कुठेतरी आखडून घ्यावा लागतो. युद्धात हजारोंनी विमानं काढायची होती तेव्हा असे कितीतरी आकार साचे करून दाबून काढत. आता एका विमानाला एक नग लागणार, त्यासाठी पोलादी साचा कोण करेल? मग लाकडाचा ठोकळा कोरायचा, त्यावर पत्रा बसवायचा, मोगरीनं ठोकायचा, आणि इंग्लिश व्हील नावाच्या यंत्रात फिरवून गुळगुळीत करायचा. यंत्र म्हणजे काय, तर एका लोखंडी चौकटीत एकावर एक दोन चाकं. वरचं सपाट, खालचं फुगीर. मधून पत्रा पुढे-मागे, पुढे-मागे. प्रत्येक फेरीत तो केसभर ताणला जातो आणि फुगत जातो. मोटर नाही, स्क्रीन नाही. किती दाबायचं आणि कधी थांबायचं ते मनगट ठरवतं.

दोरीपलीकडे एक साठीचे गृहस्थ असाच एक पत्रा घेऊन बसले होते. मी भीत भीत सांगितलं की माझे मामाही हेच काम करतात, भारतात, बसगाड्यांचं. त्यांनी मामांकडे बघितलं, मामांच्या हातांकडे बघितलं, आणि पत्रा उचलून दोरीपाशी आणला. मामांनी खिशातला हातरुमाल काढला, पत्र्यावर पसरला आणि रुमालावरून तळवा फिरवला. डोळे मिटून. ते गृहस्थ हसायलाच लागले. त्यांनी खिशातून एक जुना सुती हातमोजा काढून दाखवला. दोघांची युक्ती एकच! उघड्या हाताला पत्र्यावरचा बारीक उंचवटा कळत नाही, मधे कापड असलं की कळतो.

"दोन ठिकानी अजून पोट हाय. सांग त्येला."

मी सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. तिथेच तर काल थांबलो."

पुढची वीस मिनिटं मी दुभाषी होते आणि बहुतेक वेळ माझी गरजही नव्हती. पत्रा मऊ कसा करायचा यावर चर्चा झाली. अ‍ॅल्युमिनियम तापलं तरी लाल होत नाही, एकदम वितळून खाली पडतं. मग पुरेसं तापलं हे कळायचं कसं? मामा आंघोळीच्या साबणाची वडी पत्र्यावर घासतात. साबण तपकिरी-काळा पडला की ज्योत काढायची. ते गृहस्थही साबणच वापरत. कोल्हापूर आणि केंब्रिजशायर, ना ओळख ना पाळख, आणि पत्र्याला साबण एकच.

आता माझ्या धंद्याचं. मी इथे एका छोट्या कारखान्यात वॉटरजेट मशीनचे प्रोग्रॅम करते. वॉटरजेट म्हणजे पाण्याच्या धारेने कापणं. पाण्याचा दाब चार हजार बारच्या आसपास, म्हणजे आपल्या भोवतालच्या हवेच्या चार हजार पट. ते पाणी केसाच्या जाडीच्या चार-पाच पट एवढ्या भोकातून सुटतं. त्यात गार्नेटची बारीक वाळू मिसळते आणि ती धार अ‍ॅल्युमिनियमच काय, पोलादही कापते. विमानाच्या कामाला तिचा मोठा फायदा हा की ती तापवत नाही. विमानाचा पत्रा हा साधा अ‍ॅल्युमिनियमचा नसतो. त्यात तांबं आणि थोडे इतर धातू असतात. भट्टीत तापवून पाण्यात बुडवला की तो काही काळ मऊ राहतो आणि मग नुसता ठेवला तरी आपोआप कडक होत जातो. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या हे लक्षात आलं आणि त्यातून ड्युरॅल्युमिन आलं. (काही जातीचे रिवेट म्हणूनच फ्रीजमध्ये ठेवतात. थंडीत ते कडक व्हायचं लांबणीवर पडतं. हे ऐकून मामींनी विचारलं, "भाजीबरोबर?") असा कमावलेला पत्रा लेझरने कापला तर कडेचा पट्टा तापतो आणि तिथलं कसब बिघडतं. पाण्याच्या धारेला तो दोष नाही.

सांगाड्याच्या फासळ्या, कड्या, पट्ट्या, शेकडो भोकं असलेले तुकडे, हे सगळं कागदावरच्या जुन्या नकाशावरून संगणकात उतरवायचं आणि मशीनवर कापायचं. पूर्वी हेच काम छन्नी, कात्री आणि कानशीने दिवसचे दिवस चालायचं. पण मशीनवरून उतरलेला तुकडा तसाच विमानात जात नाही. त्याची कडा किंचित खरखरीत असते. प्रत्येक खरखर म्हणजे उद्याच्या तड्याची सुरुवात. म्हणून कुणीतरी बसून प्रत्येक कडा हाताने साफ करतं. मग ती फासळी ठोकळ्यावर वळवतं. मग बसते का बघतं. बसत नाही. पुन्हा काढतं.

मी मामांना माझ्या कारखान्यातही नेलं. त्यांना धार बघायची होती. अर्धा इंच जाडीच्या पाटातून फूल कापून दाखवलं. मला वाटलं होतं, मामा नाक मुरडतील. मामा खूष! म्हणाले, "कापायचं काम मशीनलाच द्याय पायजे. कापन्यात अक्कल लागत न्हाई, नुसता येळ जातो आनि बोटं जात्यात." मामांच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे, हे इथल्या बहुतेकांना माहीत आहे.

त्या दिवशी मला माझी 2006 मधली चूक कळली. आम्ही सगळ्यांनी घरात लावून दिलेलं भांडण म्हणजे दादाचं मशीन विरुद्ध मामांची मोगरी. पण मामांचं मशीनशी कधी भांडण नव्हतंच. मशीन कापतं. मामा वळवतात. ही दोन वेगळी कामं आहेत. दादाच्या मशीनने मामांचं काम घेतलं नव्हतं, मामांच्या कामातला कंटाळवाणा भाग घेतला होता. उरलेला भाग कुणी शिकलं नाही, आणि तो मशीनने संपवला असं आपण म्हणून मोकळे झालो.

आता मामांच्या प्रश्नाकडे. "ह्यात जुनं काय ऱ्हायलं?"

आपल्याकडे यासाठी एक छान शब्द आहे, जीर्णोद्धार. देवळाचा दगड झिजला की तो बदलतात, कळस नवा चढवतात, आणि देऊळ तेच राहतं. कुणी म्हणत नाही की हे आता वेगळं देऊळ आहे. पण जीर्णोद्धाराचे दोन प्रकार आपण सगळ्यांनी पाहिलेत. एकात गावकरी पाथरवटाला बोलावतात, तो जुन्या दगडाशेजारी बसून तसाच नवा घडवतो. दुसऱ्यात काळ्या दगडावर ऑइलपेंट फासतात आणि गाभाऱ्यात बाथरूमच्या फरशा बसवतात. दोन्हीला फलक एकच लागतो, "जीर्णोद्धार". पहिल्यात दगड नवा आहे, पण तो घडवण्याची रीत जुनी आहे. दुसऱ्यात दगड जुनाच आहे, आणि गेलं ते सगळंच.

माझं मत विचाराल तर विमानाचंही असंच आहे. पत्रा नवा की जुना यावर मी फारसं भांडणार नाही. पत्रा 1940 सालीही बदलला जात होता. गोळ्या लागून परत आलेल्या विमानाला रातोरात नवी ठिगळं बसायची. त्या विमानात खरं जुनं काही टिकलं असेल तर तो पत्रा वळवायची रीत. ती नकाशात नसते. नकाशात लिहिलेलं असतं की इथे असा आकार हवा. तो आणायचा कसा, मोगरी कुठे पडली पाहिजे, हे नकाशा सांगत नाही. ती रीत जिवंत ठेवायची तर कुणीतरी ते काम करत राहावं लागतं, आणि शेजारी कुणीतरी विशीतलं बसलेलं असावं लागतं. त्या हँगरमध्ये साठीच्या गृहस्थांशेजारी एक मुलगी होती, वीस-बावीसची. कानशीने कडा घासत होती. मला ती उडणाऱ्या विमानापेक्षा महत्त्वाची वाटली.

"हे सगळे श्रीमंतांचे चोचले" असं कुणी म्हणेल. खरंच आहे. एन-3200 चं जुळं म्हणावं असं, कॅलेच्याच वाळूतून निघालेलं पी-9374 हे स्पिटफायर 2015 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात एकतीस लाख पौंडांना गेलं. (ते पैसे बहुतांशी धर्मादाय कामाला दिले, हेही सांगायला हवं.) पण कारागिरी नेहमी कुणाच्या तरी चोचल्यांवरच जगली आहे. पैठणी काय गरिबाच्या गरजेतून विणली जायची?

आणि हे "जात्याच हवं हो, शिकवून येत नाही" असंही कुणी म्हणू नये. सप्टेंबर 1940 मध्ये साउदॅम्प्टनजवळचा वूल्स्टनचा स्पिटफायरचा मूळ कारखाना जर्मनांनी बाँब टाकून उद्ध्वस्त केला. मग इंग्रजांनी काय केलं? काम आसपासच्या गावांमध्ये वाटून टाकलं. सॉल्झबरी, ट्रोब्रिज, रेडिंग. मोटारींची गॅरेजं, बसचे डेपो, जिथे जागा मिळेल तिथे. त्यात काम करायला आल्या त्यातल्या कितीतरी मुलींनी त्याआधी रिवेट म्हणजे काय ते पाहिलेलं नव्हतं. त्यांना शिकवलं आणि त्या शिकल्या. हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांना विमानापेक्षा हेच जास्त आवडलं. "बसच्या डेपोत इमान? मग आमी काय वाईट हुतो!"

खरंच काय वाईट होतो? हा प्रश्न मला तेव्हापासून छळतो आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरला अमेरिकन बनावटीची लिबरेटर बाँबर विमानं पडून होती. इंग्रजांनी ती जाताना निकामी करून टाकली होती, पुन्हा कुणाला वापरता येऊ नयेत म्हणून. 1948 साली आपल्या हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगाऱ्यातून उडतील इतपत विमानं जोडली. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली, आणि तिथे ती नीट दुरुस्त झाली. चाळीसच्या आसपास विमानं! ती आपल्या हवाईदलाने 1968 पर्यंत वापरली. त्यातलंच एक 1974 साली ब्रिटिश हवाईदलाच्या संग्रहालयाला भेट गेलं. ज्यांनी मोडून टाकलं होतं त्यांनाच आपण ते चालू करून परत दिलं. याच्याइतकं गोड उत्तर मी इतिहासात फार वाचलेलं नाही.

आणि आता दुसरं टोक. 2018 साली आपल्या हवाईदलाच्या जुन्या विमानांच्या ताफ्यात "परशुराम" नावाचं डाकोटा आलं. राजीव चंद्रशेखर यांनी आपल्या वडिलांच्या, म्हणजे हवाईदलात डाकोटा चालवणाऱ्या एअर कमोडोर चंद्रशेखर यांच्या आठवणीसाठी ते भेट दिलं. ऑक्टोबर 1947 मध्ये श्रीनगरला सैनिक घेऊन उतरलेल्या डाकोटाचा व्हीपी-905 हा नंबर त्याला दिला आहे. बातमी वाचून मला भरून आलं होतं. पण ते दुरुस्त झालं कुठे? इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला. त्याआधी एक टायगर मॉथही असंच इकडून दुरुस्त होऊन गेलं होतं.

इंग्रजांनी चांगलं काम केलं यात मला वाईट वाटायचं कारण नाही. पण 1948 साली ढिगाऱ्यातून बाँबर उभे करणारा देश सत्तर वर्षांनी एक डाकोटा दुरुस्तीला परदेशी पाठवतो, तेव्हा मधल्या काळात काय हरवलं हे कुणी मोजलंय का? मशीनं नाहीत म्हणून पाठवलं असं मला वाटत नाही. कोल्हापुरात, पुण्यात, कोइमतूरला लागतील तेवढी मशीनं आहेत, मी काम करते त्या कारखान्यातल्यापेक्षा नवी. पैसे असले तर मशीन तीन महिन्यांत येतं. मामा तयार व्हायला चाळीस वर्षं लागली, आणि ती शेड आपण किलोवर देतो आहोत.

मी भाबडेपणाने लिहिते आहे असं समजू नका. मामांना डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही, ते त्या ठोकण्यामुळेच. उन्हाळ्यात शेडचं छप्पर तापायचं तेव्हा आत उभं राहवत नसे. अर्ध्या करंगळीचं तर सांगितलंच. दादाने ते आयुष्य घेतलं नाही, हे अगदी योग्य केलं. माझ्या मुलाने घेतलेलं मलाही चाललं नसतं. हातकामाचं कौतुक लांबून करणं सोपं असतं. पण त्या कामातला त्रास काढून टाकायला आता मशीन आलं आहे, कानात घालायला बोंडं आहेत, हँगरमध्ये पंखे आहेत. त्रास टाकता येतो आणि रीत ठेवता येते, हे मी स्वतः पाहून आले.

म्हणून दादा, माझं म्हणणं ऐक. शेड विक, त्याला माझी ना नाही. जागेचे पैसे कुणाला नको असतात? पण सामान भंगारात देऊ नकोस. गोकुळ शिरगावला तुझ्या शॉपमागे पत्र्याचा आडोसा आहे, तिथे ते मांड. आठवड्यातून दोन सकाळी मामांना गाडीने घेऊन जा. तुझ्याकडे आयटीआयची मुलं येतात, त्यातली दोन मामांच्या हाताखाली दे. कापायचं तुझ्या मशीनवर कापा, वळवायचं मामांकडून शिका. पुण्या-मुंबईत जुन्या गाड्या हौसेनं सांभाळणारे लोक आहेत, ते मडगार्ड करून देणारा माणूस शोधत फिरतात. पहिली दोन-तीन कामं मिळवून द्यायचं माझ्याकडे लागलं. विमान आज ना उद्या येईल, नाही आलं तरी चालेल.

यात फायदा होईलच असं मी लिहून देत नाही. कदाचित ती दोन मुलं महिन्याभरात पळून जातील. मामांचा स्वभाव तुला माहीत आहे, शिकवताना ते मोगरीपेक्षा जास्त तोंड चालवतात. पण 2006 मध्ये मी त्यांना जे बोलले ते परत घ्यायची मला दुसरी कुठली वाट दिसत नाही.

मला आठवण म्हणून त्यातलं काही नको. मोगरी माझ्या इथल्या शोकेसमध्ये ठेवून मी काय करू? हे सगळं मामांना वाचून दाखव आणि ते काय म्हणाले ते मला फोन करून सांग. "काहीच म्हणाले नाहीत" हे उत्तर या वेळी चालणार नाही.

ता.क. वहिनी, एक महत्त्वाचं. शेडच्या मागच्या भिंतीला लाकडाचे दहा-बारा खड्डे पडलेले ओंडके आहेत. भंगारवाला ते घेणार नाही आणि दादा ते बंबात घालेल. घालू देऊ नका. ते मामांचे साचे आहेत.